सप्रे यांच्या वर्गातले दोघे

गेली चाळीस वर्षे मी नागपुरात पेटी वाजवतो आहे. हात तयार असूनही काहीच सुचत नाही, असे दिवस येतात. मागल्या पावसाळ्यात असे दोन महिने गेले. पेटी विकून टाकावी, इथपर्यंत मन आले होते. तेव्हा जुनाच प्रश्न पुन्हा हाती घेतला : वाजवणाऱ्याला स्फूर्ती मिळते ती कुठून?

शोधायला फार लांब जावे लागले नाही. याच गावात शंकरराव सप्रे यांच्या श्रीराम संगीत विद्यालयात दोन मुले शिकली. पुणतांब्याचा रामचंद्र चितळकर (जन्म १९१८), म्हणजे पुढचे सी. रामचंद्र, आणि मूर्तिजापूरचा वसंत देशपांडे (जन्म १९२०). गुरू एकच, वाटा मात्र वेगळ्या झाल्या.

रामचंद्र मुंबईला गेले आणि मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीच्या साथीला बसले. त्यांचा कान बाहेर उघडा होता. हॉटेलांतल्या बँडचा ठेका, क्लॅरिनेट, बोंगो हे सारे त्यांनी उचलले. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट त्यांच्या वाद्यवृंदात होते. ‘अलबेला’ (१९५१) त्यातून घडला. पण दोनच वर्षांनी ‘अनारकली’त त्यांनी भीमपलास बांधला. नवे घेताना जुने त्यांनी टाकले नव्हते.

वसंतराव उलट दिशेने गेले. लाहोरला असद अली खाँसाहेबांनी त्यांना महिनोन्‌महिने एकटा मारवाच शिकवला, असे सांगतात. एका रागाच्या तळाशी गेलेल्याला इतर रागांची दारे आपोआप उघडतात, असा त्या शिकवणीचा अर्थ मी लावतो. पुढे लष्करी हिशेब खात्यातली कारकुनी करतानाही त्यांचे गाणे आटले नाही. १९६७ साली ‘कट्यार काळजात घुसली’मधले खाँसाहेब उभे राहिले, ते याच साठ्यावर.

एकाने बाहेरचे आत आणले, दुसऱ्याने आतलेच खोल खणले. मग स्फूर्तीची खरी जागा कोणती? मला उत्तर मारव्यातच सापडले. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच : कोमल रिषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. पूरिया गंधार-निषादावर विसावतो, सोहनी तार सप्तकाकडे धाव घेते, मारवा रिषभ-धैवतावर रेंगाळत षड्ज लांबवतो. सामग्री तीच, थांबायची जागा बदलली की राग बदलतो. सप्रे यांच्या दोन शिष्यांचेही तसेच झाले. दोघांना लागली ती एकच गोष्ट : आधी घोटून पक्के झालेले स्वर.

मी नवे काही सुचण्याची वाट पाहणे सोडले. रोज पहाटे अर्धा तास फक्त मारवा. पेटीला मींड नाही, त्यामुळे हात सवयीने षड्जाकडे पळतो. तो आवरायचा, एवढाच नेम. तिसऱ्या आठवड्यात धैवतावर थांबलो असताना पुढची जागा आपोआप हाताखाली आली. ती मी शोधली नव्हती.

पेटी विकायचा विचार त्या दिवशी मागे पडला.