यंत्र कोणाच्या खांद्यावरून आले?

आपल्याकडील यंत्रयुगाचा इतिहास कारखानदारांच्या चरित्रांतून लिहिला गेला आहे. भांडवल कोणी घातले, जागा कोणी दिली, पहिला माल कोणत्या साली बाहेर पडला, हे त्यात सापडते. पण टनावारी वजनाचे यंत्र एका गावाहून दुसऱ्या गावी गेले तेव्हा ते उचलले कोणी? आणि जागेवर बसल्यावर ते चालविण्याचा अधिकार कोणाला मिळाला? हे प्रश्न चरित्रकाराला पडत नाहीत. मला पडतात, कारण मालवणच्या किनाऱ्यावर आमच्या वस्तीतल्या पोरांसाठी एक जुने लेथ यंत्र घाट उतरवून आणणाऱ्यांत मीही होतो.

महाराष्ट्रातील गाजलेले स्थलांतर किर्लोस्करांच्या कारखान्याचे. बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्कर कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करीत. तेथील जागा नगरपालिकेला हवी झाली आणि कारखाना उठवावा लागला. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, कर्जही दिले. १९१० साली कारखाना तेथे आला व त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातल्या जुन्या तोफा वितळवायला दिल्या व त्यांचे नांगर झाले. लक्ष्मणरावांनी आपल्या वाडीत अस्पृश्यता पाळू दिली नाही, तुरुंगातून सुटलेल्यांनाही काम दिले. याची नोंद कृतज्ञतेनेच केली पाहिजे. पण ती एका मालकाची माणुसकी होती. व्यवस्थेने मान्य केलेला आपला हक्क नव्हता.

व्यवस्था काय होती? गावगाड्यात सुताराला वाकस, लोहाराला ऐरण, चांभाराला रापी. महाराच्या हाती काठी! सरकारी अंमलदाराचे सामान पुढच्या गावी पोचविणे, लाकूडफाटा वाहणे, मेलेले ढोर ओढणे हे त्याचे काम. कोकणात त्यावर खोताची वेठ. म्हणजे अवजड वस्तू हलविण्याचे ज्ञान त्याच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होते, फक्त त्याला कोणी ज्ञान म्हटले नाही. शाहू महाराजांनी १९१८ साली आपल्या संस्थानात महार वतने रद्द केली. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाचे विधेयक आणले. उर्वरित मुलखात मात्र त्यासाठी १९५८ च्या कायद्याची वाट पाहावी लागली.

ज्ञान कसले, असे कोणी विचारील. लेथ उचलून पाहावा. त्याचे निम्मे वजन डोक्याकडे असते. दोर मधोमध बांधला तर यंत्र उलटते. लांब आट्यांच्या दांड्याला दोर लागला तर तो वाकतो आणि यंत्र भंगारात जाते. म्हणून सरकता भाग आधी घट्ट करायचा, बिडाच्या पलंगाखाली लाकडी ओंडके द्यायचे, पहारीने एक बाजू बोटभर उचलायची, खाली पाइपाचे तुकडे सारायचे आणि मागचा तुकडा पुढे आणीत सरकायचे. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांना हे शिकवावे लागले नाही. कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपातून ते यंत्र आम्ही वर्गणी काढून घेतले. ट्रकने फोंडा घाटाने उतरवले. खाऱ्या वाऱ्याने गंज चढू नये म्हणून वाटेतच ग्रीस फासले. उतरवून घेताना बघ्यांतला एक जण म्हणाला, "उचलूक तुमी बरे; पन चालवतलो कोन?"

हा प्रश्न त्या एका माणसाचा नव्हता. मुंबईच्या गिरण्यांनी तोच प्रश्न विचारला होता. चांगल्या पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि त्याला यांची थुंकी लागेल! १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न वेशीवर टांगला. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला, जी. आय. पी. रेल्वेच्या दलित कामगारांच्या परिषदेत, त्यांनी रेल्वेचेही असेच वाभाडे काढले: आपला माणूस रुळांवर गँगमन म्हणून राबतो, वर्कशॉपात हमाल होतो, त्याच्या वरची जागा त्याला मिळत नाही.

यातली लबाडी त्या जुन्या लेथवरच दिसते. त्याला स्वतःची मोटार नव्हती. छताखालच्या एका लांब दांड्यावरून पट्टा खाली येई आणि पायऱ्यापायऱ्यांच्या कप्पीवर फिरे. हा पट्टा बहुधा कातड्याचा असे. गिरण्या, वर्कशॉपे कित्येक वर्षे अशाच पट्ट्यांवर चालली. ढोर ओढणाऱ्याने ओढले, कातडे कमावणाऱ्याने कमावले, आणि त्याच कातड्याच्या बळावर सवर्णाचे यंत्र फिरले. तेथे विटाळ झाला नाही. विटाळ पगाराच्या पायरीवरच आडवा आला! म्हणजे प्रश्न स्पर्शाचा नव्हता, कौशल्याच्या मक्तेदारीचा होता.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते, आणि तांत्रिक शिक्षणाची योजना त्यांच्याच खात्याकडे होती. आपल्यातला अभ्यासक त्यांच्या घटनेच्या कामावर पुष्कळ लिहितो, या कामावर फारसा लिहीत नाही. लिहिले पाहिजे. शाळेच्या दाखल्याने कारकून होता येते, पण जातीने बांधलेली हाताची विद्या हातानेच मोकळी करावी लागते.

आमचा लेथ आज मच्छीमार बोटींच्या पंख्याचे दांडे कातून देतो. पलंगाला पीळ पडू नये म्हणून पोरांनी पाचरी मारून, पाणसळ लावून तो स्वतः बसवला. दांडा ज्याचा, तो बोटमालक जात विचारीत नाही. तो माप विचारतो. अर्थात एका यंत्राने जात जात नाही, हे मी जाणतो. रोजगार थोडा आहे, आणि पोरे मुंबई-गोव्याला जातच आहेत.

तेव्हा वाचकांकडे माझे एवढेच मागणे आहे. आपापल्या गावी धरणाचे दरवाजे, गिरणीचे बॉयलर, छापखान्याची यंत्रे, पुलांचे गर्डर ज्यांनी ओढले, ती माणसे अजून कोठे कोठे असतील. त्यांच्याकडे जा. काय वाहिले, कसे वाहिले, मजुरी काय मिळाली, आणि यंत्र सुरू झाल्यावर त्यांना आत घेतले की फाटकाबाहेर ठेवले, हे लिहून घ्या. त्यांच्यामागे हे सांगणारा कोणी उरणार नाही.