पहाटे तीन ते दुपारी बारा

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ वर धोका. हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही पाठ असतात. अंगातलं पाणी उतरायला लागलं की मात्र भोंगा वाजत नाही. पुढचा घटनाक्रम कुणा एकीचा नाही. पटकी, म्हणजे कॉलरा, जशी चढते तशी मी ती शिरोळकडच्या ऊसतोड कोपीत मांडली आहे. बाई ५० किलोची धरली आहे.

पहाटे ३. पोट गुरगुरतं, दुखत नाही. पहिला जुलाब होतो, दुसऱ्यापासून तांदळाच्या धुवणासारखं पाणी. दोन दिवसांपूर्वी ती फडाजवळच्या पाटाचं पाणी प्यायली होती.

पहाटे ४. जंतू पेशीत शिरलेलाच नाही. तो आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतो. ते विष पेशीतलं एक बटण चालू स्थितीत अडकवून ठेवतं, आणि पेशीच्या पडद्यातलं क्लोराइडचं दार उघडंच राहतं. क्लोराइडमागे सोडियम, सोडियममागे पाणी. तासाला लिटरभरसुद्धा जाऊ शकतं. मीठ आणि पाणी जवळपास सारख्याच प्रमाणात जातात, त्यामुळे रक्तातलं सोडियम तपासलं तर १३५ ते १४५ मध्येच दिसेल. आकडा बरोबर, रक्त मात्र आटत चाललेलं.

पहाटे ५. मेंदू मूत्रपिंडांना पाणी धरून ठेवायला सांगतो, लघवी कमी होते. चुलीवर चहा आहे. सासू मायेनंच म्हणते, "पाणी पिऊ नगंस, आणखी जुलाब हुतील."

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण सगळं इथेच ठरतं. त्याच पडद्यात दुसरं एक दार आहे आणि विष त्याला हात लावत नाही. ग्लुकोज आणि सोडियम बरोबर आले तरच ते दोघांना आत घेतं. पाणी मागोमाग येतं. नुसतं पाणी तेवढं शोषलं जात नाही. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पिंपं भरून वाटलं. शेकडा ३०च्या घरातले मृत्यू ४ च्या आत आले. घरी करायचं तर उकळून गार केलेलं लिटरभर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. जुलाब लगेच थांबत नाहीत. ते होत असतानाच पाजत राहायचं. अस्तराच्या पेशी चार-पाच दिवसांत बदलतात, तेवढा वेळ माणूस टिकला पाहिजे.

सकाळी ७. तीन लिटर गेलं. पोटऱ्यांत गोळे येतात, आवाज बसतो. मुकादम गाडी बघायला जातो.

सकाळी ९. पाच लिटर, म्हणजे वजनाचा दहावा हिस्सा. डोळे खोल गेले, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतली. पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहते. मनगटाला नाडी लागत नाही.

सकाळी १०. गुंगी. आता चमच्यानं पाजलं तर ठसका लागेल. आता शिरेतून रिंगर लॅक्टेट, तेही पहिल्या अर्ध्या तासात दीड लिटर. ट्रॅक्टर निघाला आहे.

सकाळी ११. रक्तात आम्ल साचलंय, श्वास खोल आणि भराभर. लघवी बंद.

दुपारी १२. ट्रॅक्टर हमरस्त्याला लागायच्या आत हृदय थांबतं. कोपीत चुलीपाशी पहाटेच्या चहाची साखर आहे, निम्मा डबा.