द्यावे ते पाहून द्यावे



कार्तिकी वारी होते, तुळशीची लग्ने लागतात आणि मग घराघरांत लग्नसराई सुरू होते. तेव्हापासून एकच प्रश्न बायाबापड्यांच्या तोंडी असतो : कोणाला काय द्यायचे? भाचीला काय, व्याह्यांना काय, वारीतल्या सोबत्याच्या नातवाच्या बारशाला काय? प्रश्न संसाराचा आहे, पण परमार्थाच्या अंगणातलाच आहे. देणे-घेणे हा आमच्या संतांच्या चरित्रांतला मोठा विषय आहे, आणि तो नीट पाहिला तर बाजारात जाण्यापूर्वी कुठे पाहायचे हे कळते.

आधी आपली भाषाच पाहा. तिने देण्याला एकच नाव ठेवलेले नाही. राजाला द्यायचा तो नजराणा, कीर्तनकाराला द्यायची ती बिदागी, बहिणीला घालायची ती ओवाळणी, संक्रांतीला लुटायचे ते वाण, लेकीला द्यायचे ते आंदण, लग्नात करायचा तो आहेर, आणि देवाच्या दारातून आणायचा तो प्रसाद. ज्याला द्यायचे त्याच्याशी नाते काय, यावर देण्याचे नाव ठरते. म्हणजे आपल्या पूर्वजांनी वस्तूच्या आधी माणूस पाहिला. आज त्यातला आहेर तेवढा वहीत जाऊन बसला आहे. अमक्याने किती घातले ते लिहून ठेवायचे आणि त्याच्या घरी कार्य निघाले की तेवढेच फेडायचे. वाचकहो, जे वहीत लिहून फेडायचे त्याला आपल्याकडे दुसरा शब्द आहे. त्याला कर्ज म्हणतात. आणि तो आहेर फेडण्यासाठी खरोखरीचे कर्ज काढणारी घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

कर्जाचा विषय निघाला म्हणजे देहूकडेच वळावे लागते. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. त्यात त्यांची पहिली पत्नी अन्नावाचून गेली. पुढे वैराग्य बाणले तेव्हा घरातली कर्जखते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, ही कथा आपण सर्व जाणतो. पण चरित्रकार सांगतात त्यातला एक बारकावा आपण घाईत ओलांडतो. तुकोबांनी खतांचे दोन भाग केले. धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा वाटा त्यांच्या हाती दिला आणि स्वतःच्या वाट्याची खते तेवढी पाण्यात सोडली.

आता कोणी म्हणेल, बुडवायचीच होती तर सगळी का नाही बुडवली? तर कान्होबांना त्यांचा संसार होता. वैराग्य तुकोबांना झाले होते, धाकट्या भावाला नव्हे. आपल्या त्यागाचा भार दुसऱ्याच्या मुलाबाळांवर टाकू नये, एवढा विचार त्या अर्ध्या वाट्यात आहे. ज्या कुळांची खते बुडाली त्यांना सुटका मिळाली आणि भावाला त्याचा वाटा मिळाला. एकाच दिवशी दिलेल्या या दोन भेटी. दोन्ही वेगळ्या, कारण घेणारे वेगळे.

तुकोबांच्याच चरित्रात एक भेट परतही गेली आहे. परंपरा सांगते की शिवाजी महाराजांनी त्यांच्याकडे मशाली, छत्री, घोडे असा सन्मान पाठवला, आणि तुकोबांनी तो नम्रपणे माघारी धाडला. महाराजांचा जन्म 1630 चा आणि तुकोबांचे प्रयाण 1650 चे. म्हणजे देणारा राजा तेव्हा फार तर विशीचा. त्याच्या भावात काही उणे नव्हते. सरदाराला द्यावा तो मान त्याने साधूला दिला. पण भंडाऱ्याच्या डोंगरावर नामात बसणाऱ्याला मशालीचे काय आणि घोड्याचे काय? वस्तू मोलाची होती, माणसाला लागू नव्हती. परत करताना तुकोबांनी राजाचा अवमान केला नाही आणि राजानेही राग धरला नाही. दोघांची थोरवी तिथे दिसते. आपल्या घरी मात्र सून एखादी साडी नेसली नाही तर वर्षभर अबोला चालतो.

मित्राला काय द्यावे, याचे उत्तर भागवताच्या दशम स्कंधात आहे. सुदामदेवाच्या पत्नीने शेजारणींकडून मागून आणलेले चार मुठी पोहे, फाटक्या वस्त्रात बांधलेले. ती पुरचुंडी सुदामा लाजून लपवतो आणि भगवंत ओढून घेतो. एक मूठ खातो, दुसरी उचलतो तेव्हा रुक्मिणीमाता हात धरते. इथवरची कथा आपण रंगवून सांगतो. पण पुढचे अधिक मोलाचे आहे. भगवंताने सुदाम्याला समोर काहीच दिले नाही. रिकाम्या हाताने निरोप दिला. सुदामा घरी पोहोचला तेव्हा झोपडीच्या जागी वैभव उभे होते. सर्वांदेखत दिले असते तर मित्र याचक ठरला असता. देताना मित्राची मान खाली जाऊ नये, यासाठी देवानेसुद्धा आपला हात लपवला. आणि आपण लग्नाच्या मांडवात कर्ण्यावरून आहेराचे आकडे पुकारतो!

आता आपल्या वारकऱ्यांच्या रीतीकडे पाहू. पौर्णिमेला गोपाळपुरी काला होतो. तो घेतल्यावर वारकरी माघारी फिरतो, तेव्हा पडशीत काय असते? बुक्का, कुंकू, लाह्या-चुरमुरे, बत्तासे, एखादा अबीर-अष्टगंधाचा पुडा, लेकीसुनांसाठी बांगड्या. थंडी ओळखून कोणी म्हाताऱ्या वडिलांसाठी पंढरपूरचे घोंगडे घेतो. गावी मावंदे होते, वारीला जाऊ न शकलेले शेजारीपाजारी येतात, आणि चिमूटभर बुक्का कपाळी लागला की त्यांचीही वारी होते. त्या बुक्क्याचे मोल विचारू नका. गुडघे थकले म्हणून घरी राहिलेल्या आजीला तो कपाळी लावला म्हणजे तिच्या डोळ्यांत ते मोल दिसते. जो येऊ शकला नाही त्याची आठवण पंढरीच्या बाजारातही ठेवली, हीच ती भेट.

एक गोष्ट मात्र वारकरी भेट म्हणून देत नाही. ती म्हणजे तुळशीची माळ. माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून, अधिकारी पुरुषाच्या हातून, स्वतः मागून घ्यायची असते. तिच्याबरोबर एकादशी येते, वारी येते, मांस-मद्य सुटते. हौसेने कोणाच्या गळ्यात ती घालू नये. हा आमच्या संप्रदायाचा विवेक इतर भेटींनाही लागू आहे. ज्या वस्तूबरोबर दुसऱ्यावर बंधन पडते, ती त्याने मागितल्याशिवाय देऊ नये.

काही भेटी एकदा देऊन संपत नाहीत. अरफळचे हैबतबाबा ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या दरबारी होते. 1832 च्या सुमारास त्यांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला आजचे रूप दिले. त्यांना बेळगावकडच्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी साथ दिली. माउलींचे अश्व आजही अंकलीहून आळंदीपर्यंत पायी चालत येतात. रिंगणात ज्या टापांची धूळ आपण मस्तकी लावतो, ती पिढ्यान्‌पिढ्या दरवर्षी नव्याने दिलेली भेट आहे. रक्कम एकदा देता येते, सेवा मात्र पुन्हा पुन्हा द्यावी लागते. आजारी मित्राकडे फळांची करंडी पाठवणे सोपे. दर गुरुवारी जाऊन त्याच्याजवळ घटकाभर हरिपाठ म्हणणे ही अंकलीच्या अश्वांच्या जातीची भेट.

आणि ग्रंथ? पूर्वी ज्ञानेश्वरी कोणाला द्यायची तर नऊ हजार ओव्या हाताने उतरून काढाव्या लागत. लिहिणाऱ्याचे कित्येक महिने त्या पोथीत जात. नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तीसुद्धा अशा नकलांतून शिरलेले अपपाठ काढण्यासाठीच. पुढे छापखाने आले. मुंबई सरकारच्या 24,000 रुपयांच्या मदतीने इंदुप्रकाश छापखान्यातून तुकोबांची गाथा निघाली, 1869 आणि 1873 अशा दोन भागांत. आज गाथा सहज मिळते, म्हणून ती सहज दिलीही जाते आणि सहज फडताळात जाते. माझे सांगणे एवढेच : ग्रंथ द्या, पण घेणाऱ्याची नजर पाहून द्या. अक्षर लागत नसेल त्याला मोठ्या टाइपाची प्रत द्या, नवख्याला सार्थ द्या, लहान मुलाला हरिपाठाचे छोटे पुस्तक द्या आणि त्याच्याबरोबर चार दिवस म्हणा.

पन्नास वर्षे कीर्तन केले. शाली-नारळ पुष्कळ मिळाले. नारळ खाल्ले, शाली वाटल्या, कोणती कोणी दिली ते आठवत नाही. आठवतो तो एका खेड्यातला खडीसाखर आणि ज्येष्ठमधाचा पुडा. कीर्तनात माझा आवाज बसल्याचे मागे बसलेल्या एका बाईने ऐकले होते. दुसऱ्या दिवशी काल्याचे कीर्तन मलाच करायचे होते. तिने पुडा पेटीवाल्याच्या हाती दिला आणि ती निघून गेली. तिने माझे कीर्तन तर ऐकलेच, माझा घसाही ऐकला.

माउली, या लग्नसराईत देण्याची वेळ येईल तेव्हा आधी दुकानाकडे पाहू नका, ज्याला द्यायचे त्याच्या घराकडे पाहा. त्याला काय उणे आहे, काय जड होईल, काय घेताना संकोच वाटेल, ते पाहा. परवडत नसेल तर चार मुठी पोहे न्या. कर्ज काढून आहेर करू नका. ज्याच्यासाठी कराल त्यालाही ते आवडायचे नाही, आणि पांडुरंगाला तर नाहीच नाही.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल.