लॅपटॉपमधला सर्व्हर आणि वाड्याचा मालक

तालुक्याच्या कॉलेजातली एखादी मुलगी आज आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकते. डेबियन किंवा उबुंटू सर्व्हरची फाईल उतरवून घेते, त्याला दोन जीबी रॅम आणि वीसेक जीबी डिस्क नेमून देते, नाव-पासवर्ड भरते. थोड्या वेळात तिच्याकडे स्वतःचा लिनक्स सर्व्हर तयार! लायसन्सचा खर्च शून्य. बिघडला तर पुसायचा, पुन्हा टाकायचा.

ही सोय आभाळातून पडलेली नाही. तिच्यामागे साठेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातला एक प्रश्न आपल्या कराच्या पैशापर्यंत येऊन पोचतो. म्हणून ही जरा लांबलचक पोस्ट.

आधी व्हर्च्युअल मशीन म्हणजे काय? जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं असतात ना, तसं. वाडा म्हणजे खरा संगणक, बिऱ्हाडं म्हणजे व्हर्च्युअल मशीन. फरक इतकाच, की इथे प्रत्येक बिऱ्हाडाला वाटतं अख्खा वाडा आपलाच आहे. कुणाला किती जागा द्यायची, हे बघणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरवायझर म्हणतात.

ही कल्पना आयबीएमची. 1960 च्या दशकात संगणक प्रचंड महाग होते, आणि एका मशीनवर अनेकांना एकाच वेळी काम करता यावं ही गरज होती. अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या आयबीएमच्या केंद्रात 1967 साली सीपी-40 ही प्रणाली कामाला लागली. एकाच मशीनवर चौदा जणांना आपापला ‘स्वतंत्र’ संगणक मिळायचा. 1972 मध्ये आयबीएमने याच वाटेवरची व्हीएम/370 बाजारात आणली.

गंमत म्हणजे, तेव्हा तिचा सोर्स कोड ग्राहकांना मिळायचा. विद्यापीठं आणि कंपन्या तो वाचायच्या, दुरुस्त करायच्या, सुधारणा एकमेकांना द्यायच्या. 1983 च्या फेब्रुवारीत आयबीएमने जाहीर केलं, की यापुढे सोर्स कोड देणं बंद करत जाणार. ग्राहकांनी बराच आरडाओरडा केला. पण वाडा मालकाचा!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. दोन घटनांचा थेट संबंध नाही, पण हवा तीच होती: कोडला कुलपं लागायला लागली होती. 1991 मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स जाहीर केलं आणि 1992 मध्ये ते ग्नूच्या जीपीएल परवान्याखाली आणलं. या परवान्याचा मथितार्थ साधा: वापरा, वाचा, बदला, वाटा, पण वाटलंत तर पुढच्यालाही हेच हक्क द्या.

इकडे घरगुती पीसीच्या चिपवर व्हर्च्युअल मशीन नीट चालवणं अवघड समजलं जायचं. 1999 मध्ये व्हीएमवेअरने ते करून दाखवलं. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने चिपमध्येच तशी सोय दिली. 2007 मध्ये केव्हीएम लिनक्सच्या कर्नलमध्ये सामील झालं. म्हणजे आता वाडाही लिनक्सचा आणि बिऱ्हाडही लिनक्सचं, दोन्ही मोकळं.

आता अलीकडच्या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा.

पहिली: सेंटओएस हे जगभर सर्व्हरवर चालणारं मोफत लिनक्स. त्याच्या आठव्या आवृत्तीला 2029 पर्यंत अपडेट मिळणार होते. डिसेंबर 2020 मध्ये रेड हॅटने, म्हणजे 2019 पासून आयबीएमच्याच मालकीच्या कंपनीने, सांगितलं की 2021 अखेर ती बंद. लोक चिडले, पण हतबल झाले नाहीत. कोड खुला होता. 2021 च्या पहिल्या सहा महिन्यांतच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स हे दोन पर्याय उभे राहिले.

दुसरी: नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर विकत घेतली. पुढच्याच महिन्यात एकदाच पैसे भरून कायमचं लायसन्स घ्यायची पद्धत बंद, आता फक्त वर्गणी. 2024 मध्ये मोफत ईएसएक्सआय बंद झालं, 2025 मध्ये पुन्हा सुरू झालं. मालकाच्या मर्जीने गेलं, मालकाच्या मर्जीने आलं. ग्राहकासमोर दोनच रस्ते: वर्गणी भरा, नाहीतर सगळं सामान उचलून दुसरीकडे जा.

नियम दोन्हीकडे रातोरात बदलले. पण एकीकडे लोकांना स्वतः काही उभं करता आलं, दुसरीकडे नाही. 1983 चा धडा तोच होता.

बरं, लायसन्स फुकट असलं तरी माणूस फुकट नसतो, हेही खरं. लिनक्स सांभाळायला शिकलेली माणसं लागतात, त्यांना पगार लागतो. पण तो पैसा आपल्या गावातल्या पोरांच्या हातात पडतो.

केंद्र सरकारने 2015 मध्येच ओपन सोर्सचं धोरण जाहीर केलंय. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ हे भारतीय लिनक्सही बनवलंय. म्हणजे कागदावर सगळं आहे. तेव्हा आपली नगरपरिषद, जिल्हा परिषद सर्व्हरच्या सॉफ्टवेअरवर वर्षाला किती खर्च करते, आणि खुला पर्याय तपासला होता का, हे माहिती अधिकारात विचारायला हरकत नाही. कुणी अर्ज केलात तर उत्तर काय आलं ते कमेंटमध्ये जरूर टाका.

आणि घरात कॉम्प्युटर शिकणारं पोर असेल, तर या रविवारी त्याला लॅपटॉपवर एक सर्व्हर उभा करायला सांगा.