निळी रेषा, लाल रेषा

आमच्या अमडापूरची पोरं शिकायला, नोकरीला पुण्याला जातात आणि मग तिथंच फ्लॅट बघतात. बुकिंगच्या आधी मी त्यांना एकच विचारतो: इमारत पूररेषेच्या आत की बाहेर?

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, मग खडकवासला. मुठेकाठचं पुणं बुडालं. पुढे राज्यात नदीकाठी दोन रेषा आखल्या जाऊ लागल्या. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तिच्या आत बांधकामाला मनाई. लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. दोन्हींच्या मधे अटींवर परवानगी.

पण ‘१०० वर्षांतून एकदा’ म्हणजे ९९ वर्षं निवांत, असं नाही हं! लाल रेषेवरच्या घराला दरवर्षी १ टक्का धोका. ३० वर्षांचं होमलोन फिटेपर्यंत तो होतो साधारण २६ टक्के.

नव्या मोजणीत रेषा सरकली, की जमिनीचा भाव आणि बांधकामाची परवानगी दोन्ही अडतात. म्हणूनच २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणकरांनी पूररेषांना विरोध केला. त्यांची काळजी खोटी नव्हती; बाजारपेठच रेषेत आली तर दुकान पुन्हा बांधायचं कुठं? पण रेषा पुसली म्हणून पाणी थांबत नाही. जुलै २०२४ मध्ये पुण्यात सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलंच.

तेव्हा आधी पूररेषेचा नकाशा बघा, सॅम्पल फ्लॅट नंतर.