दौंड की धोंड?

मंडळी, परवा माळा आवरताना एक जुनी सीडी सापडली. तिच्यावर मार्करने लिहिलंय, 'मामा – लॉज – अंतिम'. (अशा 'अंतिम' सीड्या अजून तीन निघाल्या, ते सोडा.) ती पाहिली आणि वीस-बावीस वर्षांपूर्वीचा माझा एक पराक्रम आठवला.

आमचं घर शिरूरचं, आजोळ दौंडचं. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला, ही वाट लहानपणी शंभरदा तरी तुडवली असेल. मामांचं स्टेशनजवळ लहानसं लॉज आणि दोन जीपा. गिऱ्हाईक बहुतेक सिद्धटेकचं. अष्टविनायकांपैकी हा एकच गणपती नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात, पण जवळचं रेल्वे स्टेशन दौंड. पूर्वी शिरापूरकडून होडीने भीमा ओलांडून जावं लागे. पूल झाला, लोक स्वतःच्या गाड्यांनी परस्पर येऊन परस्पर जायला लागले आणि लॉजच्या खोल्या रिकाम्या राहू लागल्या. मामा म्हणाले, "तू ते कंप्युटरचं शिकलायस ना, मग आपलं नाव टाक की त्याच्यावर."

२००२ साली टाकलं. सगळं मराठीत, सुरेख फाँटमध्ये. आणि शोधयंत्राला ते दिसेचना!

कारण नंतर कळलं. त्या काळचे बहुतेक मराठी फाँट म्हणजे सोंग होतं. आत रोमन अक्षरं आणि वरून देवनागरीचा मुखवटा. ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला नुसती गिचमिड दिसायची, आणि शोधयंत्र तर कायम गिचमिडच वाचायचं. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ सालीच जागा मिळाली होती, विंडोज २००० मध्ये ती वापरताही येत होती. पण आमच्यासारख्यांपर्यंत ते पोचायला अजून काही वर्षं लागली. मराठी वर्तमानपत्रांचीही तीच गत होती. त्या काळातला कितीतरी मराठी मजकूर जालावर असून नसल्यासारखा होता, आणि मला याचं अजूनही वाईट वाटतं.

मग इंग्रजीत केलं. तरी तळाला. तेव्हा कुणीतरी युक्ती सांगितली, पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत 'दौंड लॉज, सिद्धटेक जीप, अष्टविनायक' असं दोनशे वेळा लिही. माणसाला दिसत नाही, यंत्राला दिसतं. केलं! आणि महिन्याभरात आम्ही पहिल्या पानावर. मुंबईहून फोन यायला लागले. मामांनी पेढे वाटले हो.

इथे थोडा इतिहास सांगतो. १९९५ साली आलेल्या अल्टाव्हिस्टासारख्या यंत्रांचा भर पानावरच्या शब्दांवर असे, त्यामुळे शब्द कोंबणाऱ्यांचं फावलं. १९९८ साली गूगलच्या पेज आणि ब्रिन यांनी वेगळा विचार मांडला. तुम्ही स्वतःबद्दल काय म्हणता यापेक्षा तुमच्याकडे दुवा कोण देतं ते बघायचं. आपल्याकडे सोयरीक जमवताना करतात तशीच चौकशी ही. पोरगा स्वतः काय सांगतो ते बाजूला, गावातली चार माणसं काय म्हणतात ते ऐकायचं. त्यातही उठसूट सगळ्यांना चिठ्ठी देणाऱ्या पुढाऱ्याच्या चिठ्ठीला वजन कमी, क्वचित देणाऱ्या हेडमास्तरांच्या चिठ्ठीला जास्त. त्या गणितात अगदी हेच आहे. एका पानाचं वजन त्यावरच्या सगळ्या दुव्यांत वाटलं जातं.

पण मी शहाणा! नोव्हेंबर २००३ मध्ये गूगलने क्रमवारीची पद्धत एकदम बदलली. या धंद्यातले लोक त्या बदलाला 'फ्लोरिडा' म्हणतात. त्या झटक्यात आमचं पान गेलं, ते लॉजचं नाव टाकूनही सापडेना. मामांना सगळं खरं सांगावं लागलं. ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे आपल्या नावाने तू लबाडी केलीस. मला विचारलं पण नाहीस." पेढे वाटलेल्या माणसाने असं म्हटल्यावर काय बोलणार?

२००५ च्या उन्हाळ्यात दौंडला आठ दिवस राहिलो आणि मामा सांगतील तसं लिहून घेतलं. सिद्धटेकला कसं जायचं, कुठली गाडी कधी, आणि १८७८ साली सुरू झालेला मनमाड मार्ग. यावेळी युनिकोडमध्ये. तेव्हा लक्षात आलं की आपल्या गावांना एक नावच नाही. इंग्रजांच्या कागदात दौंड म्हणजे डी-एच-ओ-एन-डी, 'धोंड'. शिरूर म्हणजे 'सिरूर', नाहीतर घोडनदी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री स्टाँटनची पलटण कोरेगावकडे निघाली ती याच 'सिरूर'हून. शिवाय शिरूर कासार बीडला, शिरूर अनंतपाळ लातूरला. मराठीत पुन्हा रू दीर्घ की ऱ्हस्व? आपल्याला तो शुद्धलेखनाचा प्रश्न, यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द. मी सगळी नावं लिहिली, पण यावेळी काळ्या अक्षरांत, वाक्यांत, कुठलं नाव कुठून आलं ते सांगून.

वर वगैरे काही चढलो नाही. पण दीड वर्षाने ऑस्ट्रेलियाहून एका बाईंची इमेल आली. वडील धोंडला इंजिन ड्रायव्हर होते, त्यांचा जन्म तिथला. त्या हेच जुनं नाव टाकून शोधत होत्या आणि त्यांना मामांचं पान सापडलं. पुढच्या थंडीत त्या आल्या, चार दिवस लॉजवर राहिल्या. मामा त्यांना रेल्वे क्वार्टर्समध्ये फिरवून आले आणि खोलीभाडं घेईनात. (लॉज का चालत नव्हतं, हे तेव्हा मला थोडंसं कळलं.)

आता लॉज मामेभाऊ बघतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. एकजण नकाशावरचे पाच तारे आणि कौतुकाचे अभिप्राय विकायला आलाय, शंभराच्या गठ्ठ्याने. घेऊ का? म्हटलं, मामांना विचार. मामा ऐंशीच्या पुढे आहेत, पण कान शाबूत आहेत. "आण इकडे त्याला," असं मागून ऐकू आलं आणि फोन बंद झाला.

पुढे काय झालं ते दिवाळीत दौंडला गेल्यावर कळेल.