अस्सल बरहुकूम नक्कल

जुन्या कचेऱ्यांतील कारकुनांना एक शिस्त होती. सनदेची, फैसल्याची वा कौलनाम्याची प्रत उतरवून झाली, की तिच्या तळाशी ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ हा शेरा मारल्यावाचून ते लेखणी खाली ठेवीत नसत. आणि प्रत मुळाइतकीच सुवाच्य, किंबहुना मुळाहून देखणी उतरली असली, तरी त्या तीन शब्दांमुळे मूळ असल्याचा आव तिला आणता येत नसे. बीदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांतील मराठी घरांत जपून ठेवलेली जुनी मनगटी घड्याळे पाहताना हा शेरा मला हटकून आठवतो. कारण त्यांतील कित्येकांची तबकडी नक्कल असते आणि तो शेरा तिच्यावर कोठेही नसतो.

ह्या मुलखात घड्याळ आले ते बहुतांशी मुंबईच्या वाटेने. १८७१ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग रायचूरपाशी मद्रासच्या मार्गास मिळाला, गुलबर्गा, म्हणजे आजचे कलबुर्गी, त्या वाटेवर पडले, १८७४ मध्ये वाडीहून हैदराबादेस फाटा गेला, आणि आगगाडीच्या मागोमाग मिनिटांचा हिशेब निजामी अमलात शिरला. बीदर मात्र आडबाजूस राहिले. तेथे रेल्वे पोहोचण्यास १९३० चा सुमार उजाडला. शहराच्या मध्यभागी उभा असलेला चौबारा, ऐंशी पायऱ्यांचा तो टेहळणीचा बुरूज, पुढे घड्याळाचा मनोरा म्हणून वापरला गेला खरा. परंतु मनगटावर घड्याळ बांधणे हा दीर्घकाळ अव्वल तालुकदार, तहसीलदार, वकील अशा मोजक्या मंडळींच्या इतमामाचा भाग होता. १८८६ मध्ये मुंबईत पेढी उघडलेल्या वेस्ट एंड वॉच कंपनीच्या एका घड्याळाचे नाव होते ‘सोवार प्रिमा’. आपल्या दफ्तरी भाषेतला ‘स्वार’च तो; स्वित्झर्लंडची यात्रा करून रोमन लिपीत परतलेला. त्यानंतरच्या पिढीने फाव्र-ल्युबाची ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ ही घड्याळे वापरली.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्यात गेले आणि भालकी, हुमनाबाद, कल्याणी, औराद म्हैसूर राज्यात आले. सोयरिकी मात्र पूर्ववत चालू राहिल्या, आणि सोयरिकीबरोबर जावयास घड्याळ देण्याची चालही. १९६१ मध्ये बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.चा घड्याळ कारखाना सुरू झाल्यावर ही चाल सामान्य घरांच्याही आवाक्यात आली.

आता तबकडी नवी करण्याचा रिवाज का पडला, हे पाहावे. जुनी तबकडी म्हणजे बहुधा पितळेची पातळ चकती. तिच्यावर चांदीचा मुलामा, मुलाम्यावर छापील अक्षरे व रेघा, आणि सर्वांवर लाखेसारख्या पारदर्शक वार्निशाचा थर. दख्खनचा उन्हाळा, मनगटाचा घाम आणि पावसाळ्याची ओल ह्यांच्यापुढे तो थर पिवळा पडतो, तडकतो, आणि खालची चांदी काळवंडते. यंत्र मात्र ठणठणीत असते. अशा वेळी मालक घड्याळजीला ‘डायल नवी करून द्या’ म्हणे, तबकडी मोठ्या शहरातल्या कारागिराकडे जाई, आणि जुना थर खरवडून, पुन्हा मुलामा देऊन, पुन्हा छापून ती परत येई. ह्यात फसवणूक कोणाचीच नव्हती. काळवंडलेली तबकडी ही त्या काळी पुरातनत्वाची नव्हे, हयगयीची खूण होती, आणि जावयाच्या हाती कोणी हयगय बांधीत नाही. बनावटपणा सुरू झाला तो नंतर, विकणारा तीच तबकडी ‘मूळची’ म्हणून पुढे करू लागला तेव्हा. परदेशी संग्राहक असल्या घड्याळांना तुच्छतेने मुंबईचे नाव चिकटवतात, ते मला अन्यायाचे वाटते.

परीक्षेस बसताना प्रथम अक्षरे पाहावीत. कारखान्यात ती कोरलेल्या धातूच्या पट्टीवरून मऊ गादीने उचलून तबकडीवर उमटवलेली असतात, म्हणून भिंगाखाली त्यांच्या कडा तीक्ष्ण आणि शाई किंचित उंच, सर्वत्र सारख्या जाडीची दिसते. नक्कल करणाऱ्याच्या हातून अक्षर जाडावते, पसरते, दोन अक्षरांतील अंतर चुकते, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत, आणि तळाचे ‘स्विस मेड’ एक तर लोप पावते नाहीतर भलतीकडे सरकते. छोट्या सेकंदकाट्याच्या वर्तुळातील बारीक वलये घासून बोथट झालेली असतात. कडेस एखादी कोरलेली खाच आढळली तर संशय दृढ करावा, कारण छापताना तबकडी जागेवर बसवण्यासाठी कारागीर ती पाडत असे. अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या लेपाचीही साक्ष घ्यावी: काट्यांतील लेप तपकिरी आणि आकड्यांवरील ठिपके पांढरेशुभ्र असतील, तर दोघांचे वय एक नाही. तळाशी ‘स्विस’च्या दोहों बाजूंस ‘टी’ हे अक्षर असेल तर तो ट्रिटियमचा, म्हणजे साठोत्तरीचा पुरावा. १९४० च्या घड्याळात तो आढळल्यास कज्जा तेथेच मिटला. रेडियमचा लेप मात्र नखाने खरवडून पाहू नये; त्याची चमक मेली तरी त्यातील किरणोत्सर्ग शेकडो वर्षे टिकतो.

एका साक्षीदारावर निवाडा करू नये, हे खरे. तथापि सर्वांत कच्चा साक्षीदार म्हणजे स्वच्छता, आणि गिऱ्हाईक बहुधा त्याच्यावरच विसंबते. मीही एका ‘सी चीफ’च्या निर्मळ निळ्या चेहऱ्यास असाच भुललो होतो; घरी येऊन भिंग लावले तेव्हा कंपनीच्या नावातील अक्षरे दाटीवाटीने उभी होती.

बीदरकर येथे विचारील, की आमच्या बिदरीचे काय? जस्त-तांब्याच्या मिश्रधातूवर चांदी जडवून किल्ल्यातील माती आणि नवसागर ह्यांच्या योगे त्या मिश्रधातूला काळा रंग आणतात. तो रंग उडाला, तर कारागीर त्याच कृतीने तो पुन्हा आणतो, आणि त्या सुरईस कोणी नक्कल म्हणत नाही. आक्षेप वाजवी आहे. परंतु बिदरीतला मजकूर चांदीत आहे आणि काळा रंग ही त्याची पार्श्वभूमी; ती पुन्हा दिली तरी तारकशीचा एकही फाटा हलत नाही. तबकडीवर मजकूर त्या पातळ थरातच असतो, थर गेला की मजकूरही गेला, आणि नंतर दिसते ते दुसऱ्याच्या हातचे अक्षर.

एच.एम.टी.च्या घड्याळ कंपनीवर २०१६ मध्ये पडदा पडल्यापासून देवनागरीत ‘जनता’ छापलेल्या आणि काळ्या तबकडीच्या ‘पायलट’ घड्याळांना मागणी आली आहे, आणि मागणीबरोबर नव्याने छापलेल्या तबकड्यांचा पूरही. ज्यांच्या कपाटात वडिलांचे घड्याळ आहे, त्यांनी शक्यतो त्याचा चेहरा आहे तसाच राहू द्यावा. नवा करणे अपरिहार्यच झाले, तर आधी त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, आणि घड्याळजीस सांगून तबकडीच्या पाठीवर सुईने साल व ‘नक्कल’ हा शब्द कोरवून घ्यावा.